ओव्हलवरची फायनल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७ ते ११ जून २०२३ या काळात लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात जागतिक कसोटी अजिंक्यपदाची फायनल झाली. यजमान होता सरे काउंटी क्रिकेट क्लब. तेव्हापासून, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने तिथेच सहा धावांनी कसोटी जिंकल्यावर तर जास्तच, या मैदानाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. काही क्रिकेटचे, काही कारभाराचे, काही निव्वळ चौकशीचे. सगळ्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. ज्याबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे तिथे पाल्हाळ लागलं आहे, बाकी ठिकाणी दोन ओळींत भागवलं आहे.

फायनल नेमकी कोणाची? आयसीसीची, इंग्लंडच्या बोर्डाची की सरेची?

स्पर्धा आयसीसीची. प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, पंच, बक्षिसाची रक्कम, सगळं त्यांच्या हातात. इंग्लंडचं बोर्ड यजमान देश म्हणून मध्ये असतं. सरेच्या वाट्याला येतं मैदान, त्यावरची माणसं आणि पाच दिवसांची धावपळ. आपल्याकडे मंगल कार्यालय एकाचं आणि लग्न दुसऱ्याचं असतं ना, तसा हा प्रकार. मांडव, पाणी, वीज, पार्किंग बघायचं कार्यालयवाल्याने, आणि पत्रिकेत त्याचं नाव फक्त स्थळापुरतं.

इथे तर स्थळाच्या नावातही काटछाट होते. एरवी हे मैदान प्रायोजकामुळे 'किया ओव्हल' म्हणून मिरवतं. आयसीसीच्या स्पर्धेत ते चालत नाही, त्यामुळे फायनलच्या धावफलकावर फक्त 'द ओव्हल' होतं. २०२१ च्या फायनललाही हेच झालं. साउदॅम्प्टनचं 'एजिअस बोल' तेवढ्या दिवसांपुरतं 'हॅम्पशायर बोल' झालं.

एक गोष्ट मात्र आयसीसीला सोबत आणता येत नाही, ती म्हणजे खेळपट्टी. तिला पाणी किती दिवस द्यायचं, रोलर कधी फिरवायचा, गवत किती ठेवायचं, हे सरेचे ग्राउंड्समन बघतात. आयसीसीचे सल्लागार येतात, पाहणी करतात, पण त्या मातीची सवय स्थानिक माणसालाच असते. म्हणून यजमान कोण हा प्रश्न दिसतो तेवढा औपचारिक नाही. माझ्या मते २०२३ च्या निकालाचा अर्धा उलगडा 'कुठे' आणि 'कोणत्या महिन्यात' या दोन गोष्टींत आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

सरे क्लबचा मालक कोण?

सभासद. इंग्लंडमध्ये प्रथम श्रेणीचे १८ काउंटी क्लब आहेत. त्यांपैकी १५ सभासदांच्या मालकीचे आहेत आणि सरे त्यांतला एक. हॅम्पशायर तसा नाही. तो कंपनीच्या ताब्यातला क्लब असून २०२४ मध्ये भारताच्या जीएमआर समूहाने तो विकत घेतला.

जमिनीचा मालक पुन्हा वेगळा. ओव्हलची जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटनच्या युवराजाकडे येणाऱ्या इस्टेटीची. सरेच्या बोधचिन्हात तीन पिसं दिसतात ती प्रिन्स ऑफ वेल्सची, ती याच नात्यातून आलेली.

मग ओव्हल मुंबई इंडियन्सने विकत घेतलं म्हणतात ते काय?

मैदान नाही, सरे क्लबही नाही. 'द हंड्रेड' या शंभर चेंडूंच्या स्पर्धेतल्या ओव्हल इन्व्हिन्सिबल्स या संघाचा ४९ टक्के हिस्सा मुंबई इंडियन्सची मालक असलेल्या रिलायन्सने घेतला. ५१ टक्के सरेकडेच राहिला. संघाचं नाव बदलून एमआय लंडन झालं आहे. काउंटी संघ, कसोटी सामने आणि आयसीसीच्या फायनल यांचा याच्याशी संबंध नाही.

ओव्हल लंडनमध्ये आहे, मग ते सरेचं कसं?

केनिंग्टन हा भाग पूर्वी सरे परगण्यातच होता. १८८९ मध्ये लंडनचा वेगळा परगणा झाला आणि मैदान लंडनमध्ये गेलं. क्लब १८४५ चा, म्हणजे परगण्यांच्या सीमा बदलायच्या आधीपासून तिथे बसलेला. तो उठून जाणार कुठे!

मुंबईच्या ओव्हल मैदानाशी काही संबंध?

चर्चगेटजवळचं, राजाबाई टॉवरसमोरचं ओव्हल वेगळं. दोन्ही लांबट गोल आहेत, एवढाच संबंध.

'ऐतिहासिक मैदान' हे नुसतं विशेषण आहे की खरंच काही आहे?

खरंच आहे, आणि बरंच आहे. १८४५ पर्यंत इथे भाजीपाल्याची बाग होती. ती काढून टूटिंग कॉमनवरून गवताचे हजारो तुकडे आणून अंथरले आणि मैदान तयार केलं.

खरी गंमत १८७२ ची. त्या वर्षी सरेचे सचिव झालेले चार्ल्स अल्कॉक हे फुटबॉल असोसिएशनचेही सचिव होते. एफए कपची कल्पना त्यांचीच. पहिली फायनल कुठे घ्यायची हा प्रश्न त्यांना फार पडला नसावा. १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० असं हरवलं, आणि जिंकणाऱ्या वाँडरर्सचे कप्तान होते अल्कॉक. स्पर्धा त्यांची, मैदान त्यांचं आणि चषकही त्यांच्याच हातात. आज कुणी असं केलं तर चौकशी समिती बसेल. पण जगातल्या सर्वात जुन्या फुटबॉल चषकाची पहिली फायनल एका काउंटी क्रिकेट क्लबच्या मैदानावर झाली, ही नोंद कायमची झाली. पुढे १८७४ ते १८९२ अशी सलग १९ वर्षं ती फायनल ओव्हलवरच होत राहिली. म्हणजे फायनल भरवण्याची सवय या क्लबला कसोटी क्रिकेटच्या आधीपासूनची आहे.

इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी इथे १८८० मध्ये झाली. त्यामागेही अल्कॉक होतेच. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी पदार्पणात १५२ धावा केल्या. दोन वर्षांनी इथेच ८५ धावांच्या पाठलागात इंग्लंडचा डाव ७७ वर आटोपला. ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने सामन्यात १४ बळी घेतले, आणि एका वृत्तपत्राने इंग्लिश क्रिकेटच्या निधनाची खोटी शोकवार्ता छापली. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेला 'अ‍ॅशेस' म्हणतात, तिचा जन्म तो.

१९३८ मध्ये लेन हटनच्या ३६४ आणि इंग्लंडच्या ७ बाद ९०३. १९४८ मध्ये ब्रॅडमन शेवटच्या डावात दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत, आणि चार धावा कमी पडल्यामुळे सरासरी ९९.९४ वर अडकलेली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने मैदान ताब्यात घेऊन युद्धकैद्यांची छावणी उभारायची तयारी केली होती. कैदी कधी आलेच नाहीत.

फायनल दरवेळी इंग्लंडमध्येच का?

आतापर्यंतच्या तिन्ही तिथेच झाल्या. २०२१ साउदॅम्प्टन, २०२३ ओव्हल, २०२५ लॉर्ड्स. २०२७, २०२९ आणि २०३१ च्याही इंग्लंडलाच दिल्या आहेत. कारणं व्यवहाराची आहेत. जूनमध्ये क्रिकेटला योग्य हवा असलेले देश थोडे. आपल्याकडे तेव्हा पावसाळा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत हिवाळा. लंडनची वेळ भारतातल्या टीव्हीला सोयीची. आणि कोणतेही दोन संघ आले तरी त्यांचे लोक तिथे राहतात, त्यामुळे स्टेडियम रिकामं दिसत नाही. भारतीय चाहत्यांना हे रुचत नाही, आणि त्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही. दोन फायनल खेळून दोन्ही हरल्यावर कुणालाही वाटेल की एकदा अहमदाबादला घ्या. पण जूनच्या मध्यावर पाच दिवसांचा सामना आपल्याकडे कुठे ठेवणार, हेही सांगावं लागेल.

या तिन्हींमध्ये काउंटी क्लब यजमान असलेली कोणती?

पहिल्या दोन. साउदॅम्प्टन हॅम्पशायरचं आणि ओव्हल सरेचं. लॉर्ड्सचा मालक एमसीसी, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लब आहे. मिडलसेक्स काउंटी तिथे भाडेकरू म्हणून खेळते. २०२१ ची फायनल मुळात लॉर्ड्सलाच होती. कोविडमुळे मैदानातच हॉटेल असलेली जागा हवी होती, म्हणून ती साउदॅम्प्टनला हलवली.

जूनमधलं ओव्हल वेगळं असतं का?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न. इंग्लंडच्या उन्हाळ्यातली शेवटची कसोटी ओव्हलला द्यायची ही जुनी रीत. त्यामुळे इथल्या बहुतेक कसोट्या ऑगस्टच्या आसपास होत आल्या आहेत. आपल्या आठवणीतलं ओव्हल म्हणजे उन्हाने वाळलेलं, पिवळट, चेंडू छान उसळणारं आणि शेवटच्या दोन दिवसांत फिरकीला साथ देणारं मैदान. वाडेकर, चंद्रशेखर, गावसकर, कुंबळे ही सगळी मंडळी या ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओव्हलवर चमकली.

२०२३ ची फायनल ही ओव्हलवर जूनमध्ये झालेली पहिलीच कसोटी होती. १४३ वर्षांत एकही नाही! हंगाम नुकता सुरू झालेला, जमिनीत ओल, खेळपट्टीवर हिरवं गवत, पहिल्या दिवशी सकाळी ढग. रोहित शर्माने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली ती हे सगळं बघून.

माझं मत विचाराल तर नाणेफेकीचा निर्णय चूक नव्हता. चूक झाली ती पाच दिवसांचा हिशेब पहिल्या सकाळच्या हवेवरून मांडण्यात. ऊन पडलं, गवत सुकलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जूनमधलं ओव्हलही शेवटी ओव्हलसारखंच वागायला लागलं. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात जडेजाने तीन बळी घेतले आणि भारताच्या दुसऱ्या डावात नेथन लायनने ४१ धावांत चार.

अश्विनला का वगळलं होतं?

चार वेगवान गोलंदाज आणि एक फिरकीपटू असं गणित मांडलं गेलं आणि फिरकीची एकमेव जागा जडेजाला मिळाली. तेव्हा कसोटी गोलंदाजांच्या क्रमवारीत पहिला असलेला माणूस पाचही दिवस बाकावर बसला. यातला खरा टोमणा वेगळाच आहे. जुलै २०२१ मध्ये याच अश्विनने सरेकडून एक काउंटी सामना खेळला, याच ओव्हलवर, सॉमरसेटविरुद्ध, आणि दुसऱ्या डावात २७ धावांत सहा बळी घेतले. म्हणजे दोन्ही संघांच्या फिरकीपटूंमध्ये ज्याला यजमान क्लबने स्वतःच्या संघात खेळवलं होतं, तो बाहेर.

२०२३ च्या फायनलमध्ये थोडक्यात काय झालं?

पहिल्या दिवशी जेवणानंतर ऑस्ट्रेलिया ३ बाद ७६ होती. तिथून ट्रॅव्हिस हेड आणि स्टीव्ह स्मिथ यांनी २८५ धावा जोडल्या. हेड १६३, स्मिथ १२१, एकूण ४६९. सिराजने चार बळी घेतले. भारत ४ बाद ७१, मग जडेजाच्या ४८, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी यष्टिरक्षक श्रीकर भरत लगेच बाद झाल्यावर ६ बाद १५२. फॉलोऑनची चर्चा सुरू झाली होती.

तेव्हा खेळपट्टीवर होता डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे आणि जोडीला आला पालघरचा शार्दूल ठाकूर. रहाणे जवळपास दीड वर्षानंतर कसोटी खेळत होता, आणि परतला होता तो आयपीएलमध्ये चेन्नईकडून दाखवलेल्या रूपामुळे. कमिन्सचा चेंडू त्याच्या बोटावर बसला, फिजिओ आत आला, पट्टी बांधून तो पुन्हा उभा राहिला. शार्दूलचा तर हाताचा पुढचा भागच चेंडूंनी शेकून काढला. एकदा लागलं, पुन्हा तिथेच लागलं, मग त्याने हातावर जादा संरक्षक चढवलं आणि खेळत राहिला. झेल सुटले, नशीब साथीला होतं, पण अंग चोरणारा खेळ नव्हता. सातव्या जोडीने १०९ धावा केल्या. रहाणे ८९ वर असताना कॅमरून ग्रीनने गलीत एका हाताने झेल घेतला. शार्दूलने ५१ केल्या. २०२१ मध्ये याच मैदानावर त्याच्या ५७ आणि ६० होत्या, म्हणजे ओव्हलवरच्या पहिल्या तिन्ही डावांत अर्धशतकं.

भारत २९६. ऑस्ट्रेलियाने ८ बाद २७० वर डाव सोडला आणि भारतापुढे ४४४ चं लक्ष्य आलं. चौथ्या दिवसअखेर ३ बाद १६४, कोहली आणि रहाणे नाबाद. लोक आशेवर झोपले. पाचव्या सकाळी बोलंडने एकाच षटकात कोहली आणि जडेजाला घालवलं, आणि पहिल्या सत्रातच २३४ वर सगळं संपलं. ऑस्ट्रेलिया २०९ धावांनी विजयी, सामनावीर हेड. विजेत्यांना १६ लाख डॉलर, भारताला आठ लाख.

त्या अकरांत महाराष्ट्राशी नातं असलेले चौघे होते. रोहित, रहाणे, शार्दूल आणि विदर्भाचा उमेश यादव.

ग्रीनचा तो झेल बाद होता की नाही?

शुभमन गिलचा. चौथ्या दिवशी ग्रीनने जमिनीलगत झेल घेतला आणि तिसरे पंच रिचर्ड केटलबरो यांनी बाद दिलं. चेंडूखाली बोटं होती, पण चेंडू गवताला टेकला की नाही यावर आजही वाद घालणारे घालतात. गिलने समाजमाध्यमावर नाराजी दाखवली आणि मानधनाच्या १५ टक्के दंड भरला. षटकांची गती कमी राखल्याबद्दल अख्ख्या भारतीय संघाचं पूर्ण मानधन कापलं गेलं होतं, म्हणजे गिलचा हिशेब शंभराच्या वर गेला.

दोन खेळपट्ट्या तयार ठेवल्या होत्या हे खरं का?

हो. तेव्हा इंग्लंडमध्ये 'जस्ट स्टॉप ऑइल' या पर्यावरणवादी गटाची आंदोलनं चालू होती. १ जूनला लॉर्ड्सकडे निघालेली इंग्लंड संघाची बसही त्यांनी अडवली होती. कुणी मैदानात घुसून खेळपट्टी खराब केली तर काय, म्हणून ओव्हलवर पर्यायी खेळपट्टी ठेवली आणि त्यासाठी खेळाच्या नियमांत तरतूदही केली. ती वापरायची वेळ आली नाही.

सामना अनिर्णित राहिला असता तर?

दोन्ही संघ संयुक्त विजेते. पावसाने वेळ गेला तर भरून काढायला १२ जून हा राखीव दिवस होता. पाचही दिवस जेमतेम लागले, त्यामुळे तो लागला नाही.

भारताची तयारी कमी पडली का?

आयपीएलची फायनल पावसामुळे २९ मेला गेली आणि संपेपर्यंत ३० तारीख उजाडली. कसोटी ७ जूनला. पांढऱ्या चेंडूची दोन महिन्यांची सवय इंग्लंडमध्ये वापरतात त्या ड्यूक्स कंपनीच्या लाल चेंडूसमोर आठवड्यात मोडायची होती. हे निमित्त आहे की कारण, यावर मी वाद घालणार नाही. पण ऑस्ट्रेलियाचे बहुतेक गोलंदाज आयपीएलपासून लांब राहून तिथे आले होते, एवढं लक्षात घ्या.

ओव्हलवर याआधी क्रिकेटच्या मोठ्या फायनल झाल्यात का?

चॅम्पियन्स ट्रॉफीच्या दोन. २५ सप्टेंबर २००४ ला वेस्ट इंडीजने इंग्लंडला दोन गडी राखून हरवलं. नवव्या जोडीला कोर्टनी ब्राउन आणि इयन ब्रॅडशॉ यांनी जवळजवळ अंधारात नाबाद ७१ धावा जोडल्या. दुसरी १८ जून २०१७ ची, ती आपल्याला कुणी आठवून द्यायला नको. पाकिस्तान ४ बाद ३३८, भारत १५८.

मग भारतासाठी ओव्हल चांगलं की वाईट?

फायनलपुरतं वाईट. बाकी हे मैदान आपलं लाडकं आहे, आणि त्याचं कारण १९७१.

अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय इथे मिळवला. इंग्लंड ३५५, भारत २८४, म्हणजे आपण ७१ धावांनी मागे. पहिल्या डावात दिलीप सरदेसाई ५४, फारुख इंजिनिअर ५९, वाडेकर ४८, एकनाथ सोलकर ४४. दुसऱ्या डावात चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंड १०१ वर गारद झालं. धोका होता यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉटचा. पहिल्या डावात त्याने ९० केल्या होत्या. वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याची बॅट पुढे आली, चेंडू बॅटजवळच खाली पडू लागला आणि फॉरवर्ड शॉर्ट लेगवरून सोलकरने अंग झोकून जमिनीपासून काही इंचांवर तो उचलला. सोलकरचे वडील मुंबईच्या पी. जे. हिंदू जिमखान्यावर ग्राउंड्समन होते आणि पोरगा त्या मैदानावरच वाढला होता. हेल्मेट नाही, पायाला आजच्यासारखे गार्ड नाहीत.

१७३ चं लक्ष्य. २४ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि हौशी भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण ओव्हलवर आणली. मैदानात तिला फिरवलं. कप्तान वाडेकर त्या सकाळी ४५ वर धावचीत झाला, ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपला, आणि जिंकल्यावर त्याला उठवावं लागलं. मडगावच्या सरदेसाईने ४० केल्या, विश्वनाथने ३३, इंजिनिअर नाबाद २८, आणि आबिद अलीने विजयी फटका मारला. चार गडी राखून.

१९७९ ला इथेच सुनील गावसकरच्या २२१. लक्ष्य ४३८, सलामीला चेतन चौहानबरोबर २१३, मग वेंगसरकरची साथ. ८ बाद ४२९ वर वेळ संपली. नऊ धावा! २००७ ला अनिल कुंबळेने इथे आपलं एकमेव कसोटी शतक ठोकलं. २०२१ ला रोहितच्या १२७ च्या जोरावर १५७ धावांनी विजय, १९७१ नंतरचा इथला पहिला. आणि ४ ऑगस्ट २०२५ ला सिराजच्या पाच बळींनी सहा धावांचा विजय. मुंबईच्या यशस्वी जयस्वालचं दुसऱ्या डावातलं ११८ नसतं तर तिथवर पोचलोच नसतो.

२०२५ ला पिचवरून भांडण झालं ते काय होतं?

सामन्याआधी मुख्य ग्राउंड्समन ली फोर्टिस यांनी भारतीय चमूला खेळपट्टीपासून अडीच मीटर लांब राहायला सांगितलं आणि प्रशिक्षक गौतम गंभीर भडकले. ग्राउंड्समनला आपली पट्टी जीव की प्राण असते हे समजतं, पण साध्या बुटांत उभं राहून बघणाऱ्याला हटकणं अतीच होतं.

सरे संघाशी आपला काही जुना संबंध?

आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मे १९४६ मध्ये भारतीय संघाचा दौऱ्यावरचा सामना ओव्हलवर सरेविरुद्ध होता. भारताचे नऊ गडी २०५ वर बाद झाले. दहाव्या क्रमांकावर चंदू सरवटे, अकराव्यावर शुटे बॅनर्जी. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एकाच डावात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतक केल्याचं हे एकच उदाहरण. सरेवाले डाव संपला समजून सलामीचे पॅड शोधत असतील, आणि सरवटे-बॅनर्जींनी त्यांना तीन तास पळवलं.

पुढे सरेकडून झहीर खान, हरभजन, कुंबळे, प्रग्यान ओझा, मुरली कार्तिक, अश्विन, साई सुदर्शन असे बरेच भारतीय खेळले. क्लबही लेचापेचा नाही. १९५२ ते १९५८ सलग सात वेळा काउंटी विजेता आणि अलीकडे २०२२, २०२३, २०२४ अशी हॅटट्रिक. फायनलच्या वर्षीही विजेता सरेच होता.

टीव्हीवर दिसतात ते लोखंडी सांगाडे कसले?

गॅसच्या जुन्या टाक्यांचे, एकोणिसाव्या शतकातले. आत गॅस भरला की टाकी वर चढायची आणि वापरला गेला की खाली बसायची. आता गॅस नाही. मोठ्या टाकीच्या सांगाड्याला २०१६ मध्ये वारसा वास्तूचा दर्जा मिळाला आणि त्याच्या आत सदनिका बांधल्या आहेत.

प्रत्यक्ष जायचं तर कसं?

नॉर्दर्न लाइनवर 'ओव्हल' नावाचंच स्टेशन आहे, तिथून पायी काही मिनिटं. पण सामना सुटल्यावर तिथे मरणाची गर्दी होते. दहा मिनिटं चालून व्हॉक्सहॉल गाठलं तर व्हिक्टोरिया लाइन आणि रेल्वे दोन्ही मिळतात. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाच्या बाजूने येणाऱ्यांनी जुबिली लाइनने ग्रीन पार्क आणि तिथे बदलून व्हॉक्सहॉल, हे सरळ पडतं. आसनक्षमता साधारण २७,५०० आहे, त्यामुळे वानखेडेपेक्षा लहान वाटतं आणि खेळाडू जवळ दिसतात. व्हॉक्सहॉल एंडला बसलात तर तोंड दक्षिणेला, म्हणजे ऊन समोरून. टोपी हवीच, आणि स्वेटरही. जूनमध्ये दोन्ही एकाच दिवशी लागतात.

आणि घरी बसून बघायचं तर?

इंग्लंडमधल्या नेहमीच्या कसोट्या तिथल्या ११ वाजता सुरू होतात. २०२३ ची फायनल मात्र साडेदहाला सुरू व्हायची, म्हणजे आपल्याकडे दुपारी ३ वाजता, आणि रात्री १० पर्यंत चालायची. षटकं रेंगाळली तर साडेदहा. २०२७ ची वेळ जाहीर झाली की इथे टाकू.